डबा सतरा, बाजू दोन

डबे बुटांचे. वर पेन्सिलीत अक्षर:
"चांगलं", "बरं", "टोबायसचं लग्न",
आणि एकावर नुसतं "नको".
मी अर्थातच आधी तोच उघडला.

झाकण काढताच व्हिनेगरचा भपकारा.
आंबलेल्या फितीला ऊब सोसत नाही,
चिकट झालेलीला मात्र शेकावं लागतं.
वाचनालयाच्या या तळघरात
सफरचंदाच्या फोडी वाळवायचं यंत्र आहे माझ्याकडे,
त्यात आठ-आठ तास
एल्झी कटलिपची फिडल वाळत असते.
वेस्ट व्हर्जिनियातलं हे गाव.
माझं नाव घेण्याआधी इथे सगळे
थोडा श्वास भरून घेतात.

सतरा नंबर आंबलेली. तिला तशीच चढवली,
हळू, बोटाने धरून.

आधी खरखर. मग घड्याळ.
मग तारा जुळवतोय तो: सा, प, सा, प.
तंबोऱ्याच्या घरात वाढलेला माझा कान
दचकलाच.
एवढ्या डोंगरांपलीकडे
कुणी लावून ठेवला हा सूर?

फिडलच्या पोटात म्हणे
खुळखुळ्या सापाच्या शेपटीचं टोक असायचं.
गज जोरात ओढला की तेही बोलायचं.
ऐकू येतं का? मला वाटलं, येतं.
नोंदीत लिहिलं नाही.

कुणीतरी विचारतं, या चालीचं नाव काय?
तो म्हणतो,
"वाजवायची आहे की बारसं करायचंय?"
आणि भांड्यांचा आवाज, ताटलीवर ताटली,
जाळीचं दार आपटतं,
फ्रिज घुमतो खर्जात.
संगणकावर एक बटण आहे. ते दाबलं
की हे सगळं नाहीसं होतं आणि उरते
स्वच्छ, कोरडी फिडल,
जशी ती कधीच वाजली नव्हती.

त्याची मुलगी आली गुरुवारी.
पंच्याहत्तर वर्षांची, हातात गाडीची किल्ली घट्ट.
वनीटा. मी मनात वनिताच म्हणते.
हेडफोन नको म्हणाली, मोठ्याने लाव.
वडिलांचा गज पडला तरी चेहरा हलला नाही.
ताटल्या वाजल्या आणि म्हणाली,
"ती निळ्या काठाची. टवका उडालेली.
आई ती नेहमी शेवटी धुवायची."

मी बटणावरचं बोट काढून घेतलं.

रकाने भरायचे होते.
वादक: कटलिप, एल्झी.
साल: अंदाजे अठ्ठावन्न.
इतर आवाज: अनोळखी स्त्री. ते खोडलं.
डब्यावरचं हस्ताक्षर: वादकाचं.
"ते माझं," वनीटा म्हणाली.

आई गेली त्या हिवाळ्यात
रोज रात्री तो हीच लावायचा.
फिडल ऐकायला नाही.
स्वतःचं वाजवणं तर त्याला
कधी पटलंच नाही.
फीत झिजत चालली होती, तोही.
"मी डबा माळ्यावर टाकला, वर लिहिलं.
त्याने एकदाही विचारलं नाही, कुठे गेला.
आणि घरात फिडलही वाजली नाही परत."

हे कोणत्या रकान्यात लिहायचं असतं?

चाल दुसऱ्या फेरीला वर चढली,
गज वळला, आता उतरणार,
आणि फीत संपली.
चाळीस-एक सेकंदांची चाल बाकी होती.
रिकाम्या चकरीवर शेपूट
फट फट फट आपटत राहिलं.
मी यंत्र बंद केलं.

तरी ठेका चालूच.
खाली पाहिलं: तिचा बूट,
सिमेंटच्या फरशीवर, टाच, चवडा, टाच,
उरलेली चाल उतरून नेत होता
पायरी पायरीने, न चुकता, शेवटापर्यंत.
तिला ते ठाऊकही नसावं.

मायक्रोफोन खणात होता.
खण उघडला असता तर करकरला असता.