किरकोळ

पाणी उतरल्यावर सहाव्या दिवशी
बिरनाळे भाऊसाहेब आमच्या गल्लीत आले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत फाईल,
आणि ओल्या भिंतीला कुठेही न टेकता
म्हणाले, सांगा.

भांडी. ज्वारी. गाद्या. शेगडी.
चंपाक्का सांगत गेली, ते लिहीत गेले,
मी बॅटरी धरून उभी.
मग उजेड काचेच्या कपाटावर पडला.

आत कृष्णेचा गाळ, चांगला चार बोटं,
त्यात उभं-आडवं एक लहानसं गाव:
मिरजेच्या उरुसातली घागरवाली, मान नसलेली,
चिनीमातीच्या पोपटांतला उजवा,
भाच्यानं बिकानेरहून आणलेला लाकडी उंट, फुगून म्हैस झालेला,
आणि प्लास्टरचा साहेब,
तो विरघळून आपल्याच बुटांत साचलेला.

भाऊसाहेबांचं पेन थांबलं.
ह्याला काय लिहू?

मूर्ती म्हणावं, तर रोज पाणी घालावं लागतं
(सहा दिवस नदीनं घातलं, तेवढंच).
बाहुली म्हणावं, तर कुणी खेळलेलं असावं,
आणि आक्का आम्हाला काचेलासुद्धा
नाक टेकवू द्यायची नाही.
पुतळा म्हणावं, तर चौक लागतो, कबुतरं लागतात,
वर्षातून एकदा हाराची शिडी लागते.
शोपीस, मी म्हणाले.
शोपीसला रकाना नाही, ते म्हणाले,
किरकोळमध्ये टाकतो.

"पुतळ्या लिव," आक्का म्हणाली.
"एकवीस."

रात्री माडीवर झोप येईना.
वरच्या फळीवर शब्दकोश तेवढा कोरडा राहिला होता.
पुतळी. त्याआधी पुत्तली. त्याआधी पुत्तलिका.
आणखी मागे कुठेतरी पुत्र असावा, म्हणतात;
म्हणजे लेकरू, तळहातावर मावणारं.
धातू काही नीट सापडला नाही.
पण आपल्या बोलीची खोड मला ठाऊक आहे,
वस्तू लहान झाली की तिची बाई होते:
गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी,
लोटा आणि त्याच्याशेजारी कानकोंडी लोटी.

त्याच पानावर, खाली, दुसरा अर्थ होता.
सोन्याचं नाणं. परमुलखातून आलेलं,
वर माणसं ठसलेली.
कुणाची, ते इथे कुणाला कळायचं कारण नव्हतं.
बायकांनी निरखून बघितलं असेल,
पुतळी म्हटलं असेल,
आणि ओवून गळ्यात घातली.

मी पुस्तक मिटलं नाही.
आक्काच्या लग्नाच्या फोटोत माळ होती.
काकांनी ट्रकमध्ये भागी घेतली त्या साली
ती विट्याच्या गलाईवाल्याच्या मुशीत उतरली,
एवढं घरात सगळ्यांना माहीत.
किती पुतळ्यांची, ते कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी ती परसात बसून
जुन्या टूथब्रशनं पोपटाची चोच घासत होती.
"आक्का, माळेत किती होत्या गं?"
तिनं वर बघितलं नाही.
"काल भाऊसायबास्नी सांगितलं की."
आणि थोड्या वेळानं,
"पहिली घागरवाली. साडेतीन रुपये.
तुझा काका म्हणाला, असला कचरा कशाला."
मग डावा पोपट गाळात चाचपायला लागली.

भरपाई आली ती भांड्यांची आणि गाद्यांची.
दिवाळीच्या सुमारास कचेरीतून एक कागद आला,
खाली कुणा नवीन अव्वल कारकुनाची सही.
'पुतळ्या, नग २१' याबाबत खुलासा मागवला होता,
धातू नमूद करावा.

मी दोनदा वाचून दाखवलं.
आक्का कपाटाची काच वर्तमानपत्रानं पुसत होती.
आत सात उरल्या होत्या, उंट धरून.

"लिव," म्हणाली, "माती."