मठार

तिसरी ब. खिडक्या दोन.
एकीतून गोदावरी दिसते असं आम्ही म्हणतो,
दिसते ती समोरच्या गच्चीवरची काळी टाकी.
दुसरीतून तांबट आळी ऐकू येते,
ठक् ठक् ठक्, जरा थांबून, ठक्.
भागाकार मी त्याच तालावर शिकवते.

गुरुवारी हर्षलनं कंपासपेटी भिरकावली.
फळ्याच्या कडेवर आपटून ती उघडली,
पट्टी, शार्पनर, अर्धी चिंच
पहिल्या बाकापर्यंत.
कारण पूर्वा बोरस्तेनं सांगितलं, उभं राहून, स्पष्ट:
शमीमनं त्याचं खोडरबर न विचारता घेतलं.
खोडरबर!
त्याचे कान लाल, आणि मुठी अशा
की आत काहीतरी जिवंत धरून ठेवलंय.

माझ्याकडे एकवीस वर्षं एकच वाक्य होतं,
बाहेर उभा राहा.
सतराच्या पाढ्यापेक्षा पक्कं पाठ.
बाहेर उभं राहून कोण काय शिकलं
हे कुणी मला विचारलं नाही, मीही नाही.
त्या दिवशी खडू आणायला म्हणून व्हरांड्यात गेले,
तर तो भिंतीवर मुठी मारत होता,
ठक् ठक् ठक् ठक्,
मधे थांबणं नाही.

त्याची आत्या आली. बोटं चिंचेनं न् राखेनं उललेली.
निम्मी तक्रार ऐकली, मग टेबलावरचा माझा तांब्या
उचलून उजेडात धरला.
"मठार बरा आहे. पण इथं तडा जाणार."
का?
"ठोकत राहिलं की तांबं ताठतं, बाई.
ताठल्यावर आणखी ठोकलं की फुटतं.
मधे मधे भट्टीत धरायचं.
मऊ पडलं, की मग हातोडा."
पोराविषयी ती काही बोललीच नाही.
उठताना एवढंच, "शनिवारी त्याचा बाप येतो पुण्याहून,
घालते कानावर."
मीच म्हणाले, नका घालू.

खिडकीपाशी एक गोणपाट अंथरलं,
माठ, आणि तोच तांब्या.
सांगितलं, उकळी आली की इथं यायचं,
विचारायचं नाही, नुसतं यायचं.
पहिल्या आठवड्यात हर्षलनं पाणी शमीमवर ओतलं.
दुसऱ्यात पूर्वाला भागाकाराच्या तासाला
तीनदा राग आला.
मुख्याध्यापक म्हणाले, खैरनारबाई, पाणपोई काढली का?
मी हसले. मला ते लागलं होतं.

"का केलंस?" हे सोडायला मला दिवाळी उजाडली.
जिभेवर यायचंच.
त्याऐवजी शेजारी बसायचं, गुडघे दुखले तरी,
आणि विचारायचं, आत्ता कुठं आहे?
तो कधी पोटावर हात ठेवायचा, कधी गळ्यावर.
एकदा म्हणाला, कानात.
मग आम्ही दोघं आळीचे ठोके मोजायचो.
चाळिसाला त्याचा एक हात उघडायचा.
दुसरा कधी उघडायचा, कधी नाही.

जानेवारीत तपासणी होती.
रजिस्टर सापडेना, दोन मुलं बाकाखाली,
आणि मी ओरडले.
खरंच ओरडले, बाहेरची कबुतरं उडाली.
वर्ग गप्प. आळीसुद्धा नेमकी तेव्हाच थांबलेली.
हर्षल उठला, गोणपाटाचा कोपरा सरळ केला,
"बाई," म्हणाला, "इथं विचारायचं नसतं."

साहेब दारात उभे होते.
मी जाऊन बसले.

त्याच दुपारी त्यानं बाकाची फळी उपसली,
हेही लिहून ठेवते.
कंपासपेटीचा पोचा अजून तसाच आहे,
झाकण एका बाजूनं वर राहतं.
तो त्यावर बोट फिरवत बसतो, गणित चालू असताना.
मी काही म्हणत नाही.
आळीत कुणीतरी पुन्हा हातोडा उचललाय,
ठक्. ठक्.
आता थांबेल.