अर्धा टँकर

समुद्र मी आणला.
कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव असेल,
पण येलदरीच्या धरणावरून, बारा-बारा हजार लिटरनं,
दोनशे आठ खेपा केल्या त्या मी
आणि माझा क्लीनर मुंजाजी यानं.

जिंतूरच्या अलीकडं, जिथं माळावर
कुसळाशिवाय काही येत नव्हतं,
तिथं नौदलाची शाळा आणून ठेवली.
काहून, ते कुणालाच धड माहीत नाही.
हॉटेलवाला मन्सूर म्हणतो, दुश्मनाच्या तोफा इथवर पोचत नाहीत.
तलाठी म्हणतात, किनाऱ्यावर जागेला सोन्याचा भाव आलाय.

मुरमात सिमेंटचं जहाज उभं केलं,
डेक, शिडी, डोलकाठी, झेंडे.
दर अर्ध्या तासाला त्याच्यावर घंटा होते,
प्रयागबाई तिच्यावर शेळ्या सोडते अन् आणते.
गावातली पोरं आता ट्रॅक्टर मागं घेताना
ओरडतात : पोर्टला घे, पोर्टला!

शिकवायला तांडेल सायेब, अर्नाळ्याचे.
बाप, आजा, सगळे मचव्यावरचे.
पहिल्या दिवशी हौदात बोट बुडवलं
(बुडवलं, बुडवली नाही)
आणि जिभेला लावलं.
"गोड आहे," म्हणले.
गोड पाण्याला असं तोंड वाकडं केलेलं
आमच्या मुलखात मी पहिल्यांदा बघितलं.

यंत्रानं झुलणारी एक खोली आहे,
पोरांना बोट लागावी म्हणून केलेली.
पोरं आत जायची, हसत बाहेर यायची.
सायेबांना रात्री झोप नाही.
म्हणायचे, लई शांत आहे रे इथं,
एखादा खडखडणारा पंखा तरी दे.

मग एक दिवस धरणावरची लाईट गेली,
टँकर निम्माच भरला,
सायेब शेजारी बसलेले.
उतारावर ब्रेक मारला
तर मागून पाण्यानं असा खांदा दिला
की त्यांची टोपी काचेवर.
"हे काय?"
काही नाही सायेब.
भरलेला टँकर गुमान चालतो.
रिकामा बी गुमान चालतो.
अर्धा असला की मातलेला असतो.
गाडी थांबते, पाणी थांबत नाही.
वळणावर आधी वळत नाही,
मग सगळं मिळून एकदम वळतं.
माझा साडू असाच गेला, चारठाण्याच्या वळणावर.

सायेब कितीतरी वेळ
मागच्या पत्र्याकडं बघत राहिले.
"जहाजाचं बी हेच," म्हणले.
"बाहेरचं पाणी त्याला उचलून धरतं.
आत शिरलेलं पालथं घालतं."

दुसऱ्या दिवसापासून माझा टँकर नौदलात.
अर्धाच भरायचा, हुकूम.
कॅबिनमधी दोन-दोन पोरं,
एक केरळचं, समुद्राच्या मांडीवर वाढलेलं,
एक बिकानेरचं, त्यानं ओढाबी बघितलेला नाही.
घाटात दोघं सारखेच गप्प व्हायचे.
तिसऱ्या फेरीला बिकानेरवाल्यानं
खिडकीतून मान काढली अन् सकाळचे पोहे सोडले.
"लागली! बोट लागली!"
सायेब असे हरखले
जसा लेकराला पहिला दात आला.

दर तिमाहीला हौद उपसतात.
व्हॉल्व्ह उघडायचं काम माझ्याकडं.
पाणी नाल्याला, नाला पूर्णेला,
पूर्णा गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला,
आणि ती म्हणे तिकडं उगवतीच्या समुद्राला.
म्हणजे ते तर आधीच निघालं होतं.
मीच मधी अडवून
इतके महिने त्याला समुद्राचं सोंग घ्यायला लावलं.

सायेब कठड्यावर उभे, बूट हातात.
शेवटचं पाणी गुळगुळ करत जातं
तेव्हा विचारतात,
किती दिवस लागत असतील रे त्याला?

मला काय माहीत.
मी म्हणतो,
मधी बंधारे लई आहेत, सायेब.