तीनशे बारा

ताओयुआनच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जियान सु-युन तिमाहीचा तक्ता भरते.
किती डबे बनवले, किती विकले, कुठल्या देशात.
शेवटचा रकाना आपोआप भरतो
आणि तोच सगळ्यात महाग.

डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. तळहाताहून थोडा मोठा.
आत एक चिप, आणि चिपच्या आत
बावीस घरची माणसं दाटीवाटीने राहतात.
एकाने चित्राचे चौकोन पाडले, आठ बाय आठ.
दुसरा म्हणाला, भिंत हलत नाही ना,
मग ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची?
धावणारा माणूस पाठवा,
तोही किती सरकला तेवढंच.
तिसऱ्याने शून्यांची मोळी बांधायची रीत काढली.
प्रत्येकाने आपापल्या रीतीला कुलूप घातलं
आणि मग सगळ्यांनी मिळून जगाला सांगितलं :
टीव्ही यापुढे असाच दिसेल.

छिउ साहेबांनी पहिल्या वर्षी हिशेब मांडला होता.
ओसाकाला पत्र, आइंडहोवनला पत्र,
न्यू जर्सीत वकील, पॅरिसला दुभाषी,
बावीस उंबरे झिजवायचे,
आणि एकवीस जण हो म्हणाल्यावर
बाविसावा दार लावून बसला तर?
मग कळलं, या कुलपांची एक भिशी आहे.
फक्त हिच्यात कुणा एकाचा नंबर लागत नाही,
दर तिमाहीला सगळ्यांचाच लागतो.
एक करार, एक दर,
लहान कारखान्याला तोच, मोठ्याला तोच.
किल्ल्यांचा जुडगा मिळतो.
सुटी किल्ली हवी, तर ज्याच्या त्याच्या दारी जा.

भिशीत शिरणंही सोपं नाही म्हणे.
एक तज्ज्ञ बसतो, कुणाचाच नोकर नसलेला,
एकेक पेटंट उजेडात धरतो :
याच्यावाचून चित्र उमटेल?
उमटत असेल, तर बाहेर.
उरलेल्यांची वाटणी खळ्यावरच्यासारखी,
ज्याची कुलपं जास्त त्याचं माप मोठं.

यादी दरवर्षी येते.
वीस वर्षांची झालेली पेटंटं गळून पडतात,
कोवळी येऊन बसतात.
झाड तेवढंच दिसतं, सावलीचं भाडंही तेवढंच.
सु-युनने एकदा ईमेल करून विचारलं होतं, का?
उत्तर फार सभ्य होतं.

या मार्चमध्ये हिशेब तपासायला ऑस्टरकाम्प बाई आल्या,
हानोवरहून, बिनटाचेच्या बुटात.
तीन दिवस चलनं चाळली.
चौथ्या दिवशी बोट एका ओळीवर थांबलं :
बनले जास्त, विकले कमी.
तीनशे बारा कुठे गेले?

वादळात, सु-युन म्हणाली. गोदामात पाणी कमरेपर्यंत.
पुरावा?
पुरावा वाहून गेला, असं म्हणणं बरं दिसेना.
ती त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली.
तिथे ताडपत्रीखाली डबे थप्पीने,
गंजाने स्क्रूंना मिशा फुटलेल्या,
एकात मुंगळ्यांचा संसार.
बाईंनी हातमोजे चढवले आणि मोजायला बसल्या.
जेवायची सुट्टी झाली, संपली.
तीनशे अकरा.

पुन्हा मोजले. तीनशे अकरा.

फाटकाजवळच्या खोलीतून तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला.
रखवालदार फंग आजोबा बेसबॉल बघत होते.
टीव्ही जुना, वर एक काळा डबा,
झाकण नसलेला, आत चिखलाची वाळलेली रेघ,
दिवा हिरवागार.
"हेअर ड्रायरने वाळवला," ते म्हणाले. "दोन आठवडे."
सु-युनने मान खाली घातली.
बाईंनी डबा हाताने चाचपला, गरम होता.
मग स्टूल ओढून त्या बसल्याच.

पावसाने सिग्नल अडखळला.
चेंडू हवेत होता तो हवेतच चौकोन चौकोन झाला,
खेळाडूचा हात एकीकडे, हातमोजा दुसरीकडे,
बावीस घरांची सगळी अक्कल अंतराळात लटकलेली.
तिघंही काही बोलेनात.
"झेलला का?" बाईंनी जर्मनमध्ये विचारलं
आणि फंग आजोबांनी हक्कामध्ये सांगितलं, थांबा.

संध्याकाळी सु-युनने तक्ता उघडला.
विक्री, देशांतर्गत : १.
शेवटचा रकाना आपोआप भरला.
सव्वा डॉलर,
भागिले बावीस.