चौदाव्या हरणामागे

सकाळी नऊला मेंढ्यांच्या कुरणात गाड्या लागल्या
आणि सव्वानऊला कुरण उरलंच नाही,
चाकांनी त्याची पार राड केली.
नेरिसच्या हातात फळी, फळीवर यादी,
यादीवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर पाऊस.
‘तुमचा गट चौथा. अकराव्या लक्ष्यापासून सुरू करा,
आणि उतारावर शहाणपणा नको.’

आम्ही चौघं:
मी, एरवी शाळेची बस चालवणारी;
गवंडी इवोर, ज्याला बडबडल्याशिवाय नेम धरता येत नाही;
त्याची पुतणी मेरेरिड, जी बोलतच नाही;
आणि अकरा वर्षांचा यान्तो,
थोरल्या भावाच्या दोन नंबर मोठ्या बुटांत.

अकरावं रानडुक्कर. फोमचं.
इतकी वर्षं बाण झेलून
अंगभर देवीचे व्रण.
मी खुंटीपाशी उभी राहिले, दोरी ओढली,
अंगठा गालाला टेकला,
आणि डावा पाय सावकाश, अगदी घरी आल्यासारखा,
खाली जायला लागला.
बाण सुटला तेव्हा मी चार बोटं बुटकी झाले होते.
गेला पोटाखालून.
दुसरा बसला, दहा गुण.
मग पाय वर आला. बूट नाही आला.

बारावा कोल्हा.
तेरावा इवोरच्या मते अस्वल,
जवळ गेल्यावर बीव्हर.
पेन्सिल ओल्या कागदावर उमटेना,
मेरेरिडने पेनानं आकडे मनगटावर लिहून घेतले,
माझे नखाजवळ, कारण कमी होते.

चौदावं हरीण ओढ्यापलीकडे, ओकांच्या दाटीत.
यान्तोचा बाण त्याच्या पाठीवरून गेला.
तो काही म्हणाला नाही, कान तेवढे लाल झाले.
घरोघरी पेपर टाकून घेतलेले सहा बाण,
त्यातले आता चार.
आम्ही ओळीनं पाचोळा उकरत निघालो,
वाकून, पाय घासत,
कुणाचं तरी मंगळसूत्र हरवल्यासारखे.

त्याचा नाही मिळाला. दुसराच मिळाला.
काळा पडलेला, पिसं गोगलगायींनी खाल्लेली,
दांड्यावर दोऱ्याचे तीन वेढे.
इवोर दिवसातून पहिल्यांदा गप्प झाला.

एम्लिनचा.
चार वर्षांपूर्वी एका बाणानं त्याचं पदक गेलं,
आणि तेव्हापासून दर शनिवारी, क्लबच्या शेडमध्ये:
‘लागला होता हरणाला. मी आवाज ऐकला. लागून उडाला.’

तो आम्हाला सापडला पंचवीस पावलं डावीकडे,
एकुलत्या एका बर्चच्या बुंध्यात,
गुडघ्याएवढ्या उंचीवर.
म्हणजे त्याच वर्षी डोळे जायला लागले होते.
आणि तो गाडी चालवत होता,
आम्हालाच घरी सोडत होता.

चार वाजता तंबूत
एम्लिन लीकचं सूप वाढत होता,
वाटीच्या काठावर बोट ठेवून, अंदाजानं.
मी बाण त्याच्या हातात दिला.
बोटं वेढ्यांवरून फिरली. एक. दोन. तीन.
‘कुठं?’
यान्तोनं तोंड उघडलं,
मेरेरिडने त्याच्या पायावर पाय दिला.
‘हरणामागे,’ मी म्हटलं. ‘सरळ रेषेत.’

‘बोललो नव्हतो?’ त्यानं अख्ख्या तंबूला ऐकवलं.
टाळ्या पडल्या. कुणीतरी टेबल वाजवलं.
त्याचं नख मात्र बाणाच्या टोकाशी काहीतरी सोलत होतं:
कागदासारखी पातळ, पांढरी साल.
ती त्यानं घडी करून खिशात घातली
आणि माझी वाटी इतकी भरली
की सूप माझ्या अंगठ्यावर सांडलं.

गुण दोनशे चौदा. गटात तिसरी.
चौथा इवोर, पण ते त्याला विचारू नका.

परतताना यान्तो माझ्या गाडीत,
पायाशी पोत्यात गुंडाळलेले बूट.
फाटकापर्यंत तो काचेतून रानाकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
‘माझापण लागला होता. आवाज आला मला.’

मी वायपर सुरू केले.