नाव कमी करायचा अर्ज

राशनच्या दुकानात मी पोचले
तर तो आधीच रांगेत,
रिकामं पोतं काखेत, सायकलची चावी दातात.
सात वर्षं झाली होती.
त्यानं मला पायांवरूनच ओळखलं असावं,
मान वर यायला फार वेळ लागला त्याची.

"काहून आली?"
"नाव काढाले. इथून कटलं म्हंजे भावाच्या कार्डावर चढते."
"हव," म्हणाला.
मी घर सोडलं त्या रात्रीही
हव एवढंच म्हणाला होता.

भांडण जाळ्याचं होतं.
नायलॉनचं नवं जाळं, तलावाच्या सोसायटीत हिस्सा,
आणि माझी जोडवी लाखांदुरात सोनाराकडे,
मला न विचारता.
मागितली असती तर मीच काढून दिली असती.
हे मला बोलायला सुचलं ते आईच्या ओसरीत,
दोन हजार बिड्या वळून झाल्यावर.
तोवर तो न्यायला येईल असं वाटायचं,
आणि ही आपल्या पायानं येईल असं त्याला.
मध्ये नऊ कोसांचा रस्ता, दिवसाला दोन बसा.

एकदा, चौथ्या वर्षी असेल,
कोणाचा तरी पोरगा दारात मरळ ठेवून पळाला.
कल्ल्यातून ओवलेला पळसाचा वाक,
आणि वाकाला ती उलटी गाठ
जी आमच्या तलावावर एकटा डावखुरा मारतो.
मासा रांधला. आईला म्हटलं, बाजारातून आणला.
काटे आईनं मांजराला घातले.
वाक मी ठेवून दिला.

टेंभुर्णेभाऊ म्हणाला, नाव कमी करायचं
तर आधी दोघांचेही अंगठे लागतात.
त्याचा अंगठा मशीननं घेतला नाही.
पाण्यानं आन् दोऱ्यानं रेघाच उरल्या नव्हत्या.
माझाही घेतला नाही.
तेंदूचं पान, सूत, कैची,
माझ्याही अंगठ्यावर आता मी नाही.
पुन्हा प्रयत्न करा, मशीनमधली बाई म्हणाली.
तिला काय जाते म्हणायला.
दुसरं बोट लावलं. तिसरं.
पुन्हा प्रयत्न करा.
मागून सुभद्राबाई खोकली, मुद्दाम.

मग माझ्या हातानं मला न विचारता
त्याचा अंगठा पदरात धरला, पुसला,
नखाशी चिकटलेलं एक खवलं काढलं,
तोंडाची वाफ दिली
आणि काचेवर दाबून धरला.
हिरवा दिवा लागला.
रांगेतला एकूण एक माणूस
छताचे टिन मोजत होता.

माझी करंगळी चालली शेवटी.
करंगळीला बिडीत काही काम नसते.

"आता इथं कारण लिवा," टेंभुर्णेभाऊनं अर्ज सरकवला.
पेनात शाई नाही म्हटलं. होती.
"उद्या आणते भरून."
उद्या दुकान बंद असते, हे
दुकानातल्या उंदरांनाही माहीत.

तलावाच्या पाळीवर तो सायकल धरून चालला,
कॅरिअरवर तांदूळ, मी दोन हात मागं.
खाली बांध्यांमध्ये लाखोरी निळी फुलली होती.
"जोडवी सोडवली होती," तो घंटीकडे बघत बोलला.
"दुसऱ्याच वर्षी. डब्यात हायेत."
"मंग आणून काहून नाही देली?"
"तू म्हणली असती, जोडव्यापायी आला."

बस मागून आली, हळू झाली.
कंडक्टरनं वाकून पाहिलं.
मी पदर सारखा केला, हात केला नाही.
धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तसेच उभे.

"पाय सुजतात आता माहे," मी म्हटलं,
"दिवसभर बसून बसून.
बोटात जातीन का नाही, कोण जाणे."

त्यानं पोतं उचलून दांडीवर आडवं टाकलं,
कॅरिअर हातानं झाडलं.
"पाहू," म्हणाला.
हव नाही म्हणाला.

मी बसले नाही.
कॅरिअरला हात लावून चालत राहिले,
चढ होता म्हणून थोडं ढकललंही.