माया

कोपरखैरणे, सेक्टर अठरा, जिन्याखालचं दुकान.
पाटीवर पिको-फॉल, ब्लाउज, ड्रेस.
वीस वर्षं बायकांच्या कमरेभोवती टेप फिरवते आहे.
मला इंच कळतात, किलो कधी कळले नाहीत.
कोणाचं अंग कुठे भरतंय
ते तिच्या आधी माझ्या टेपला कळतं.

माझं मला मात्र उशिरा.
चार-चार महिने पाळी नाही,
हनुवटीवरचे केस दर शनिवारी दोऱ्याने काढायचे,
(नशिबात सगळी दोऱ्याचीच कामं)
आणि जावेचं एकच पालुपद, खाणं आवर.
सोनोग्राफीवाला पडद्याकडे बघत म्हणाला,
बीजांडाच्या कडेने मोत्यांची माळ दिसते.
माझ्याबद्दल इतकं सुंदर कोणी बोललं नव्हतं.
मी घाबरलेच.

एका डाएटवालीने छापील कागद दिला,
किनवा, ॲव्होकॅडो, बदामाचं दूध.
मी त्यावर बाहीचा नमुना आखला.
कागद चांगला जाड होता.

समजावलं ते मढवी सिस्टरने,
नागरी आरोग्य केंद्रातल्या.
(माझंच गिऱ्हाईक, उजवा खांदा अर्धा इंच उतरता.)
म्हणाली, अगं, मशीन चालू असताना
कोणी शटर वाजवलं तर ऐकू येतं तुला?
तो मग आणखी जोरात वाजवतो.
इन्सुलिनचं तसंच. पेशी ऐकत नाहीत,
शरीर आणखी सोडतं, आणखी,
त्या गोंगाटात पाळी वाट चुकते.
चौऱ्याहत्तरातले चार किलो गेले
तरी पुष्कळजणींची वाट सापडते.
बारीक हो म्हणत नाही मी.
ऐकू येण्यापुरतं.
आणि नाहीच जमलं तर गोळ्या आहेत,
त्यात लाजायचं काय?

मग मटकी आधी, भाकरी दीड,
भात शेवटी, मुठीएवढा.
रात्री शटर ओढून खाडीकडच्या रस्त्याने,
नाकात कांदळवनाचा चिखल,
पायात मुलाचे जुने बूट.
अकरा महिन्यांत तीन किलो गेले, एक परत आला.
पाळी दोनदा वेळेवर, तिसऱ्यांदा रुसली.
एवढाच हिशेब. फुगवून सांगण्यासारखं काही नाही.

पण परवा शेडगेवहिनी प्रांजलला घेऊन आल्या.
अकरावीतली पोर, निळं कापड.
कॉलर करा, वहिनी म्हणाल्या, उंच.
मी गळ्याचं माप घ्यायला वेणी बाजूला केली
तर मानेवर काळा, मखमलीसारखा पट्टा,
आणि त्यावर ओरखडे.
बेसन-लिंबू लावून घासते रोज, वहिनी म्हणाल्या,
मळच जात नाही कार्टीचा.
पोर फरशीवरच्या चिंध्या मोजत उभी.

मी मशीन थांबवलं.
वहिनी, तो मळ नाही.
तपासून घ्या एकदा, साखर, पाळी, सगळं. मलाही...
तुम्ही माप घ्या, त्या म्हणाल्या.
मी माप घेतलं.

बुधवारी प्रांजल एकटीच आली,
दप्तर पाठीवर, दारातच.
मी मापाच्या वहीचं मागचं पान फाडून दिलं:
केंद्र नऊ ते एक. मढवी सिस्टर.
मान दाखव. पाळीच्या तारखा लिहून ने.
उपाशी राहू नकोस.
घासू नकोस.
तिने दोनदा वाचलं, घडी घालून
कंपासपेटीत ठेवलं.
पीसीओडी असेल तर मी अशीच राहणार का?
मला काय माहीत. खोटं कसं बोलू?
म्हटलं, बाजूच्या शिलाईत दीड इंच माया ठेवते.
सैल झाला तर आत घेऊ,
घट्ट झाला तर उसवू.
कापड तेच राहतं.

कापड अजून कापलं नव्हतं.
ती टेबलाकडे वळली, पाठमोरी,
वेणी स्वतःच उचलून धरली.
काकू, कॉलर नको.
मागचा गळा, बोटाने दाखवलं,
एवढा.

मी खडू घेतला.